काकडीसाठी चार टायर

ग्रँट्सव्हिल,
६ जुलै

आदरणीय व्हेल्डाआत्या,

मॅरेनचा नमस्कार. तुमचा गुडघा, नवा चष्मा आणि अंगणातलं डाळिंबाचं झाड, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. इकडे तब्येती बऱ्या आहेत. तब्येतीखेरीज जे आहे ते आधी क्रमाने लिहिते, म्हणजे गैरसमजाला जागा राहणार नाही.

१. बाबांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंदा शर्यतीच्या कागदावर सही दिली नाही.
२. ऑगस्टच्या शर्यतीत मिठाच्या मैदानावर काकडी मी चालवणार आहे.
३. काकडीला टायर नव्हते.
४. आता आहेत. चाकंही आहेत. दोन्ही तपासलेली आहेत.
५. दरम्यान तळघरातला मोठा फ्रीझर बंद पडला. (पडला नाही. पाडला.)
६. बाबा दोन रविवार लाल हातांनी चर्चमध्ये गेले.
७. काल वेंडोव्हरच्या जुन्या धावपट्टीवर गाडी ढकलून पाहिली. सुरू झाली नाही. गाडीत दोष नाही.

पत्र इथेच संपवता आलं असतं, पण मग तुम्ही पाचव्या आणि सहाव्या मुद्द्यावर भलते तर्क केले असते. फोन केला नाही, कारण तुम्ही आमच्या घरचा फोन उचलत नाही, आणि माझ्या नंबरावरून बाबाच बोलत असतील अशी तुम्हाला शंका येते. (एकदा ते बोलले होते. मला नंतर कळलं.) गेली चार वर्षं तुमच्या आणि बाबांच्यातला सगळा व्यवहार पीचवरच चालला आहे. दर सप्टेंबरला ते पीचची पेटी पाठवतात, दर ऑक्टोबरला तुम्ही मुरंब्याच्या बरण्या पाठवता, आणि दोन्हीकडून चिठ्ठी म्हणून नसते. तेव्हा हे पत्र जरा लांबलं तर चार वर्षांचं एकदम आलं असं समजावं.

काकडीची हकिकत मी तुम्हाला सांगणं म्हणजे फारच झालं. आजोबांनी विमानाची जादा इंधनाची टाकी आणली, तिला चार चाकं लावली आणि हिरवा रंग दिला, तेव्हा सांडलेला रंग पुसायला तुम्हीच होतात. मुद्दा एवढाच, की तिची चारही चाकं उघड्यावर आहेत. टायरचं काही बिनसलं तर ते लपवायला पत्रा नाही आणि आत बसलेल्याला वाचवायलाही नाही. म्हणून तिच्या बाबतीत टायर हा एक सुटा भाग नसतो, जवळजवळ सगळी गाडीच असते. आणि यंदा घाई अशासाठी, की मुख्य रस्त्यावरच्या बर्गरवाल्या लमारने काकडी मागितली आहे. त्याला ती दुकानात छताला टांगायची आहे, अगदी सॅलडच्या काउंटरवर. (त्यातला विनोद त्याला कळलेला नाही. मी सांगितला नाही.) डॉक्टरांकडून परतताना बाबा गाडीत म्हणाले, “यंदा मिठावर गेली नाही तर घेऊन जाऊ दे लमारला. पडून गंजण्यापेक्षा बरं.” मी म्हटलं, मी चालवते. त्यांनी मला डोक्यापासून गुडघ्यापर्यंत नजरेने मोजलं. मग म्हणाले, “तुझी उंची बसेल आत.” ही परवानगी होती असं मी धरून चालले.

आता टायर. तुम्हाला बाबा कसे होते ते आठवत असेल. गवताच्या ट्रेलरची चाकं काढून काकडीला लावणारे, आणि शर्यतीच्या तपासनीस ऑरव्हलने ती नाकारली की “बरं, मग डाव्या बाजूचीच ठेवू?” म्हणून घासाघीस करणारे. त्यांच्याबरोबर टायर निवडायचे तर मला सतत “नाही” म्हणावं लागेल अशी तयारी करून मी गेले होते. झालं उलटंच. शेडमधला जुना संच काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता. मी एकाची बाजू दाबून वाकवायला घेतली, बारीक भेगा आहेत का ते बघायला, तोवर बाबांनी माझ्या हातातून तो काढून घेतला आणि अंगणात फेकला. मग बाकीचे तीन. वाकवून न बघताच. मी म्हटलं, निदान तारीख वाचू द्या. ते म्हणाले, “तारीख कशाला? तोंडावरून कळतंय.” (तारखेवरून ते माझ्याहून थोडेच लहान निघाले, म्हणजे बाबांचं बरोबरच होतं. पण पद्धत चुकीची.)

मग शेजारच्या माणसाने विमानाचे टायर देऊ केले, जवळजवळ फुकट. विमानाचा टायर दिसायला दणकट असतो आणि वजन उचलतो, पण त्याचं काम धावपट्टी टेकल्यावर थोड्या वेळात संपतं. आपल्याला तो मैलोन्‌मैल तापत ठेवायचा असतो. हे मी बाबांना समजावणार, तर ते आधीच नाकारून मोकळे झाले होते. कारण काय, तर ते वाचत बसले होते. बाबा! ज्यांनी काकडीच्या ब्रेकच्या पॅराशूटची पुस्तिका आजवर पाकिटातून बाहेर काढली नव्हती, ते जेवणाच्या टेबलावर रबराविषयी वाचत होते आणि मला विचारत होते, “वेगाने फिरताना रबर स्वतःच्याच वजनाने बाहेर ओढलं जातं म्हणतात, खरं का?” मी म्हटलं, खरं. म्हणून तर आपल्या कामाच्या टायरवर रबराचा थर नाण्याइतकाच पातळ ठेवतात. जाड थर सुटून उडतो. ते म्हणाले, “माहीत आहे.” मग ताटातले बटाटे तसेच ठेवून उठले. ते त्यांना कसं माहीत आहे, हे मी विचारायला नको होतं, आणि विचारलंही नाही.

नव्या टायरचा भाव विचारायला सॉल्ट लेकला गेलो. दुकानदाराने एकाचा भाव सांगितला. बाबांना वाटलं चारांचा. खुलासा झाल्यावर ते तिथल्याच एका टायरवर खाली बसले. थोड्या वेळाने शांतपणे म्हणाले, “पिकअप विकू.” मी म्हटलं, काकडीचा पहिला गिअर इतका उंच आहे की ती आपली आपण हलत नाही. पिकअप विकला तर मागून ढकलायचं कशाने? त्यावर ते म्हणाले, “मग घर.” दुकानदाराने आम्हाला एकेक थंड सोडा दिला आणि दार उघडून धरलं.

चाकांचं काम त्या मानाने स्वस्तात झालं. चकचकीत ॲल्युमिनियमच्या नादी न लागता मी साधी पोलादी चाकं घ्यायचं ठरवलं, मधल्या पत्र्याला मजबुतीचं वेल्डिंग केलेली. दिसायला ट्रॅक्टरची वाटतात, पण आपल्या वेगाला पुरून उरतात, आणि भंगारवाल्याकडे हव्या त्या मापाची मिळाली. मी सहा आणली. माझ्या कामावरच्या प्रयोगशाळेत आम्ही धातूची चीर शोधतो ती रीत सोपी आहे: चाक स्वच्छ पुसायचं, लाल रंग फवारायचा, तो पुसून टाकायचा आणि वर पांढरी भुकटी मारायची. कुठे चीर असेल तर तिच्यात शिरलेला रंग बाहेर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. सहापैकी एका चाकाच्या बोल्टच्या भोकाजवळ अशी रेघ उमटली. केसाएवढी. ते चाक मी बाजूला ठेवलं, पाच उरली, काम संपलं.

माझं संपलं. बाबा त्या रेघेकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मी ऑग्डेनहून कामावरून परतले तेव्हा त्यांनी रंगाचे डबे स्वतःच आणले होते आणि घरातली प्रत्येक धातूची वस्तू तपासायला घेतली होती. पाचही चाकं पुन्हा, चाकाचे सगळे नट, पिकअपची चाकं, शिडी, चर्चच्या सहलीची बिडाची कढई. (कढईला चीर निघाली. तुम्ही ती कधी पाडली होतीत का? आमच्यात तो विषय बंद आहे.) तो लाल रंग साबणाने जात नाही. रविवारी प्रवचनाच्या वेळी बाबा हात मांडीवर ठेवून बसले होते, मनगटापर्यंत लाल. बिशप नंतर त्यांना बाजूला घेऊन फार हळुवारपणे म्हणाले, “डिलॉय, मनावर काही ओझं असेल तर माझं दार उघडं आहे.” बाबा म्हणाले, “आहे. चाकांचं.” पुढच्या रविवारी हात गुलाबी होते, म्हणजे प्रगती होती, पण बिशप अजून आमच्याकडे जरा जास्तच प्रेमाने बघतात.

टायर शेवटी ऑरव्हलकडेच मिळाले. त्याने स्वतःची शर्यतीची गाडी विकली आणि टायर ठेवून घेतले. एकच मोसम वापरलेले, अंधारात राहावेत म्हणून पलंगाखाली ठेवलेले. (त्याची बायको म्हणाली, “लग्नाची चादर जुनी झाली, पण यांच्या टायरवर दर वर्षी नवं पांघरूण.”) त्यांच्यावर ताशी तीनशे मैलांचा वेग छापलेला आहे. मी दोनशेच्या वर जाणार नाही, आणि पहिल्या फेरीत तर मला त्याच्या बरंच खाली राहावं लागेल. मी भिंगाखाली आतून-बाहेरून पाहिले, दाबले, वाकवले, तारखा वाचल्या. निर्दोष. ऑरव्हलने सांगितलेली किंमत ही किंमत नव्हतीच, आम्हाला संकोच वाटू नये म्हणून उच्चारलेला एक आकडा होता. आणि बाबा म्हणाले, “तीनशे म्हणजे नक्की किती?”

ऑरव्हल त्यांच्याकडे बघतच राहिला. “डिलॉय,” तो म्हणाला, “वीस वर्षं मी तुझे टायर नाकारत आलो. बाहेर जाऊन त्याहून वाईट घेऊन यायचास. आणि आज तू माझे नाकारतोयस?”

“नाकारत नाहीये. विचारतोय.”

“तेव्हा कधी विचारलं नाहीस ते?”

“तेव्हा आत मी बसायचो,” बाबा म्हणाले.

ऑरव्हलच्या बायकोने मग गाजर घातलेली हिरवी जेली आणली आणि सगळ्यांनी ती खाल्ली, त्यामुळे पुढे कुणाला बोलावं लागलं नाही.

आता फ्रीझर. जेवताना मी सहज म्हणाले होते, की विजेच्या मोटरच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि ओझोनने रबराला भेगा पडतात, म्हणून टायर मोटरजवळ ठेवू नयेत. हे खरं आहे. फ्रीझरची मोटर बंद डब्यात असते आणि तिच्यापासून धोका नाही, हेही खरं आहे, पण हे दुसरं वाक्य मी त्या जेवणात बोलले नव्हते. बाबांनी टायर तळघरात नेले, आईच्या गोधडीत गुंडाळले आणि फ्रीझरची वायर काढून ठेवली. आत दोन हरणं आणि काकांकडून आलेलं अर्धं एल्क जातीचं मोठं हरीण होतं, संकटकाळासाठी साठवलेलं. संकट असं येईल याची कल्पना नव्हती. पायरीवर पाणी दिसलं तेव्हा सगळं एकाच दिवसात शिजवण्यावाचून इलाज उरला नाही. बाबांनी अख्ख्या वस्तीला फोन केले. घरासमोर इतक्या गाड्या लागल्या की ज्यांना फोन गेला नव्हता त्यांना वाटलं, घरात कुणीतरी गेलं. तीन शेजारणी मयताला नेतात ते चीज घातलेले बटाटे घेऊन आल्या. एकीने मला घट्ट मिठी मारून म्हटलं, “फार सोसलंस गं.” मी थँक यू म्हणाले. बटाटे उत्तम होते. मटणाबरोबर तर फारच.

आणि आता सातवा मुद्दा. बाकीचं पत्र विसरलात तरी चालेल, हा वाचा.

काल सकाळी आम्ही काकडी वेंडोव्हरला नेली. मी आत बसले, पट्टे आवळले, बाबा पिकअपमध्ये मागे. पिकअपचा ढकलायचा लाकडी बंपर काकडीच्या शेपटीला टेकला तो मला कळलासुद्धा नाही, इतक्या हळू. निघालो. मला ताशी साठ मैल हवेत, तेव्हा मी क्लच सोडते आणि इंजिन पकडतं. तीसपर्यंत गेलो आणि मागचा जोर गेला. मी रेडिओवर विचारलं, काय झालं?

“टायर हलल्यासारखं वाटलं.”

“कुठला?”

रेडिओ खरखरला. मग: “सगळेच.”

मी उतरले, चारही बघितले, हवा मोजली, नट तपासले, परत बसले. दुसऱ्यांदा पस्तिसाला जोर गेला. ससा आडवा आला म्हणाले. त्या धावपट्टीवर ससा राहत नाही, आत्या, तिथे गवताचं पातंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा पिकअप काकडीला टेकलाच नाही. मी आरशात बघितलं तर तो मागे उभा होता, इंजिन चालू, आणि बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते. मी पट्टे सोडून त्यांच्याकडे चालत गेले. दोष टायरमध्ये नाही, चाकात नाही, इंजिनात नाही. दोष बाबांच्या उजव्या पायात आहे. तो दाबला जात नाही. मी हे नीट तपासलं आहे.

मी खिडकीशी उभी राहिले. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, “व्हेल्डा कसं करायची गं?”

“काय?”

“ढकलायची मला. इतकी वर्षं. मागून सगळं दिसत असताना.”

मी म्हटलं, दुसऱ्या गिअरमध्ये.

 परतीच्या रस्त्यावर बाबांनी आपण होऊन चार वर्षांपूर्वीची ती गोष्ट काढली, जी कुणी विचारल्याशिवाय ते काढत नाहीत. टायर ऑरव्हलने सकाळी पास केला होता, मग तळावर कुठल्याशा बोल्टवरून जाऊन त्याला खाच पडली, ती तुम्हाला रांगेत अंगठ्याखाली लागली. तुम्ही म्हणालात, रांग सोड. रांगेत त्यांचा नंबर दुसरा होता. दोन दिवस थांबून आलेला नंबर सोडून मिठावर कोण मागे जातं? ते नाही म्हणाले. तुम्ही म्हणालात, मग मी तुला मरायला ढकलणार नाही, आणि पिकअपची किल्ली खिशात टाकून आपल्या गाडीने निघून गेलात. दुसऱ्या कुणीतरी ढकललं. चौथ्या मैलावर टायरची साल निघाली आणि काकडी तीन गिरक्या घेऊन थांबली. आजवर ही गोष्ट ते “आणि मग मी बाहेर येऊन सँडविच मागितलं” या वाक्याने संपवायचे. काल म्हणाले, “सँडविच खाल्लं नव्हतं. हातात धरता येत नव्हतं.” पुढे घर येईपर्यंत ते रेडिओवर हवामान ऐकत होते.

असो. टायरची निवड सांगायची होती ती सांगितली. बिशपना, लमारला आणि कढईला तुमचा नमस्कार कळवते. गुडघ्याला जपा.

तुमची
मॅरेन बायबी

ता. क. वर जे लिहिलं आहे त्यावरून मला टायरविषयी सल्ला हवा आहे असं वाटेल. नको आहे. टायर उत्तम आहेत, चाकं उत्तम आहेत, दोन्ही आम्हाला परवडली. एकच गोष्ट कुठल्याही दुकानात मिळत नाही. ऑगस्टमध्ये तुम्ही मला ढकलायला याल का? आधी चारही टायर अंगठ्याने तपासा. एक जरी मनास आला नाही तर मी रांग सोडेन. पहिला नंबर असला तरी.

पुन्हा ता. क. हे पत्र बाबांना न सांगता लिहिते आहे असं लिहिणार होते. पण ते मागे उभं राहून वाचत आहेत. त्यांचं म्हणणं, “टायर उत्तम” च्या जागी “बहुतेक बरे” लिही. मी बदललेलं नाही. ससा खरंच होता, असंही म्हणतात.

आणखी एक. पिकअपची किल्ली अजून तुमच्याकडेच आहे. चार वर्षं बाबा तो स्क्रूड्रायव्हरने सुरू करतात. नवं कुलूप बसवून घ्या असं मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा म्हणाले, “कशाला? किल्ली आहे की. व्हेल्डाकडे.” येताना ती आणावी.

उत्तर २४ जुलैपर्यंत मिळेल असं पाठवा.